विश्लेषण : लिनक्स टाकल्यावर लॅपटॉपची स्क्रीन काळी का पडते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली. त्यानंतर अनेक जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले जात आहे. मात्र सोयगावसारख्या तालुक्याच्या गावात स्क्रीन काळी पडली, की दुरुस्तीसाठी जळगाव किंवा शंभर किलोमीटरहून दूरचे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. बऱ्याचदा ही फेरी टाळता येते.

लिनक्सकडे ओढा का?

'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे बाद ठरतात. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच आहे. चालू यंत्र भंगारात काढण्यापेक्षा उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली मोफत वापरता येते.

अडचण नेमकी कुठे येते?

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर आणि डेस्कटॉप या तिघांचे जुळले तरच चित्र दिसते. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने तिथे त्रास कमी. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. कर्नल नवे झाले आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, की स्क्रीन काळी पडू शकते.

त्यात कंपनीने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या चिपसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरवली आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणाऱ्या '९४०एमएक्स' आणि 'एमएक्स१५०' या चिप याच पिढ्यांतल्या. त्यापुढचा ड्रायव्हर त्यांच्यावर चालत नाही.

वेलँडचा मुद्दा काय?

स्क्रीनवर खिडक्या रेखाटण्याचे काम १९८४पासून 'एक्स' ही यंत्रणा करत आली. २००८मध्ये सुरू झालेली 'वेलँड' आता तिची जागा घेत आहे. 'उबुंटू २५.१०'च्या मुख्य डेस्कटॉपमधून 'एक्स'चा पर्याय काढण्यात आला. जुन्या एनव्हिडिया चिपवर वेलँड अडखळत असेल, तर 'उबुंटू २४.०४'मध्ये लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातील चक्रावर टिचकी देऊन 'एक्सऑर्ग' निवडता येते. लिनक्स मिंटचा मुख्य डेस्कटॉप अजून मूळात 'एक्स'वरच चालतो.

बिघाड यंत्रात की प्रणालीत?

आधी हे तपासावे. खर्च त्यावर ठरतो. सुरू करताना लॅपटॉप कंपनीचे चिन्हही दिसत नसेल, तर दोष यंत्रात असण्याची शक्यता जास्त. मोबाइलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर मारल्यावर अंधूक चित्र दिसले, तर मागचा प्रकाश गेलेला किंवा शून्यावर आलेला असतो. एचडीएमआय केबलने टीव्हीवर चित्र आले, पण लॅपटॉपवर नाही, तर पॅनेल, त्याची केबल किंवा ब्राइटनेस यांकडे पाहावे.

कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर बदलत असेल, तर यंत्र जिवंत आहे. मग कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे. अक्षरी लॉगिन आले, तर कर्नल चालू आहे. गडबड डेस्कटॉप किंवा ड्रायव्हरची आहे. पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा लॉगिनच येत असेल, तर डिस्क गच्च भरली आहे का, हेही पाहावे.

उपाय कोणते?

सुरू होताना एस्केप दाबून 'ग्रब'ची यादी उघडावी. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचे कर्नल निवडावे. त्याने चित्र आले, तर दोष नव्या कर्नलशी जुळण्याचा आहे. तेही चालले नाही, तर यादीतल्या नोंदीवर इंग्रजी 'ई' दाबावे. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, सलग लिहून एफ१० दाबावे. हा तात्पुरता टेकू आहे. चित्र ढोबळ दिसते, ब्राइटनेस बदलत नाही. पण योग्य ड्रायव्हर बसवण्यापुरती वाट मोकळी होते.

ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून न घेता प्रणालीच्या 'अतिरिक्त ड्रायव्हर' विभागातूनच घ्यावा, म्हणजे कर्नल बदलताना तोही जुळवला जातो. 'सिक्युअर बूट' सुरू असल्यास पुढच्या वेळी निळ्या पटलावर 'एन्रोल मॉक' विचारले जाते. ते ओलांडून पुढे गेल्यास ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

आधी काय काळजी घ्यावी?

लिनक्स पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालवून पाहता येते. ब्राइटनेस, व्हिडीओ, प्रोजेक्टर आणि झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे तेव्हाच तपासावे. कागदपत्रांची प्रत आधीच बाहेर काढून ठेवावी. कारण स्क्रीन दुरुस्त होते, पुसलेली डिस्क परत मिळेलच असे नाही.