वैद्यक संघटना आणि समित्यांचे राज्य

कोणत्याही मोठ्या संघटनेचा कारभार कोण पाहते, या प्रश्नाला तिची घटना एक उत्तर देते आणि तिची इतिवृत्ते दुसरेच देतात. घटनेनुसार सर्वसाधारण सभा सार्वभौम असते. प्रत्यक्षात निर्णय होतात ते एखाद्या रविवारी सकाळी जमलेल्या दहा-बारा माणसांच्या समितीत. शिक्षकांचा संघ असो, कर्मचाऱ्यांची पतपेढी असो की महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे मंडळ असो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु डॉक्टरांच्या संघटनेत त्याला अधिक गंभीर स्वरूप प्राप्त होते. कारण समितीच्या टेबलाभोवती जिला कधीच जागा नसते, अशी एक व्यक्ती तेथील निर्णयाचे परिणाम भोगत असते. ती व्यक्ती म्हणजे रुग्ण. म्हणूनच या समित्यांचा विचार हा केवळ डॉक्टरांचा घरगुती प्रश्न मानता येणार नाही.

या विषयात प्रथम एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची स्वेच्छेची संघटना आहे. तिचे सभासद होणे वा न होणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. वैद्यक परिषद अथवा तिच्या जागी २०२० साली आलेला राष्ट्रीय वैद्यक आयोग ही कायद्याने निर्माण झालेली नियामक संस्था होय. पहिली संस्था डॉक्टरांचे हित पाहते. दुसरीने समाजाच्या वतीने डॉक्टरांवर लक्ष ठेवावे अशी अपेक्षा असते. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि १८५८ च्या कायद्याने स्थापन झालेली जनरल मेडिकल कौन्सिल यांच्यात हाच भेद आहे. आपल्याकडे मात्र हा भेद कागदावर स्पष्ट असला, तरी दोन्ही ठिकाणच्या समित्यांतून वर्षानुवर्षे तीच तीच माणसे वावरत राहिली आणि व्यवहारात तो पुसट होत गेला.

स्वाभिमानातून जन्म

या संघटनेचा पूर्वेतिहास अभिमानास्पद आहे. मुंबईत १८८३ मध्येच बॉम्बे मेडिकल युनियन स्थापन झाली होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मक्तेदारीविरुद्ध एतद्देशीय डॉक्टरांची जी धुसफूस होती, तिला अशा संस्थांनी वाचा फोडली. पुढे १९२८ साली कलकत्त्याच्या अखिल भारतीय वैद्यक परिषदेत देशव्यापी संघटना जन्मास आली. १९३० मध्ये ब्रिटिश कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, तेव्हा हा प्रश्न राष्ट्रीय स्वाभिमानाचा झाला आणि १९३३ च्या कायद्याने भारताची स्वतःची वैद्यक परिषद अस्तित्वात आली. पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झालेले डॉ. बिधानचंद्र रॉय आणि गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता हे दोघेही या संघटनेचे अध्यक्ष होते. ज्या पिढीने ती उभारली, तिच्या दृष्टीने समितीचे सभासदत्व हे सार्वजनिक कार्य होते.

आज या संघटनेच्या सभासदांची संख्या तीन लाखांच्या वर गेली आहे. स्थानिक शाखा, त्यांच्यावर राज्य शाखा, त्यावर मध्यवर्ती परिषद आणि प्रत्यक्ष कारभारासाठी मध्यवर्ती कार्यकारी समिती, अशी तिची उतरंड आहे. अध्यक्ष दरवर्षी बदलतो. याचा परिणाम असा की, संघटनेची स्मृती अध्यक्षापाशी न राहता समित्यांपाशी आणि कार्यालयापाशी राहते. ज्याच्या हाती फाईल, त्याच्या हाती निर्णय, हा आपल्या सरकारी कचेऱ्यांतील न्याय येथेही लागू पडतो.

फुकट्यांचा प्रश्न

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या यंत्रणेत विशेष रस वाटावा असे एक कारण आहे. मॅन्कर ऑल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असा प्रश्न उपस्थित केला की, संघटनेच्या लढ्याचा लाभ सभासद नसलेल्यालाही मिळत असेल, तर शहाणा माणूस वर्गणी का भरील? त्याचे उत्तर असे की, मोठ्या संघटना केवळ तत्त्वावर जगत नाहीत. ज्या सेवा फक्त सभासदालाच मिळतात, त्यांच्या बळावर त्या जगतात. अमेरिकेतील डॉक्टरांची संघटना हे त्याने दिलेले एक ठळक उदाहरण होते.

आपल्याकडेही हेच दिसते. सभासदाच्या मृत्यूनंतर इतरांनी ठरावीक रक्कम देऊन त्याच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या योजना, कोर्टकचेरीच्या वेळी पाठीशी उभी राहणारी संरक्षण योजना, नियतकालिक, अभ्यासवर्ग ही कामे वेगवेगळ्या समित्या करतात. केरळमधील शाखेने तर रुग्णालयांतील घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा प्रकल्प उभारला. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरला दिल्लीतील ठरावापेक्षा या गोष्टींचे मोल अधिक वाटते, यात नवल नाही. ही कामे करणारे बहुतेक जण मानद असतात. दवाखाना बंद झाल्यावर रात्री हिशेब लिहीत बसतात. त्यांची थट्टा करणे अन्यायाचे होईल.

समितीच्या कामाचे मोल कसे असते, याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडने मृत्यू पावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, असे सरकारकडून संसदेत सांगण्यात आले. तेव्हा या संघटनेने ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिच्या नोंदीनुसार सातशेहून अधिक डॉक्टर दगावले. राज्यसंस्थेने जे मोजले नाही, ते शाखाशाखांतून आलेल्या माहितीच्या आधारे एका स्वेच्छेच्या संघटनेने मोजले. मृतांची नोंद ठेवणे हे रुक्ष काम आहे. पण त्या नोंदीवाचून त्यांच्या कुटुंबीयांचा हक्क सिद्ध होणे कठीण असते.

विश्वासाचा व्यापार

मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मानद कामाला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते. ज्याचा व्यवसाय स्थिरावला आहे, ज्याच्याकडे साहाय्यक आहेत, तोच महिन्यातून चार बैठकांना जाऊ शकतो. नवा पदवीधर, सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टर, घर आणि दवाखाना दोन्ही सांभाळणारी स्त्री डॉक्टर यांना ते परवडत नाही. त्यामुळे कोणी कारस्थान न करताही समित्या एका विशिष्ट थराच्या होत जातात. समित्यांना पैसा लागतो. वर्गणीतून तो पुरत नाही; मग परिषदांचे मंडप औषध कंपन्यांच्या पैशातून उभे राहतात.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, वैद्यकसेवा ही इतर वस्तूंसारखी नव्हे. भाजी घेताना गृहिणी ती पारखून घेते. उपचार घेताना रुग्णाला पारख करता येत नाही. म्हणून त्याला विश्वासावर विसंबावे लागते. संघटनेचे नाव हा त्या विश्वासाचाच एक भाग होय आणि ते नाव कोणाला वापरू द्यावयाचे, याचा निर्णय एखादी समिती घेते. २००८ साली पेप्सिको कंपनीच्या फळांच्या रसाला व ओट्सला संघटनेने आपले नाव वापरू दिले. त्यावरून वादळ उठले आणि २०१० मध्ये वैद्यक परिषदेच्या नीतिविषयक समितीने पदाधिकाऱ्यांविरुद्ध कारवाईची भूमिका घेतली. जे मोल वर्गणीच्या हिशेबात दिसत नाही, ते लाखो रुग्णांच्या विश्वासाचे मोल त्या करारात विकले गेले होते.

याहून बोलके उदाहरण नियमाच्या शब्दांचे आहे. औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च इत्यादी स्वीकारण्यास बंदी करणारा नियम परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये केला, तेव्हा डॉक्टरांबरोबर त्यांच्या व्यावसायिक संघटनांचाही त्यात उल्लेख होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये दुरुस्ती करून संघटनांचा उल्लेख वगळण्यात आला. म्हणजे जे एका डॉक्टरने घेतले असता गैरवर्तन ठरेल, ते शंभर डॉक्टरांनी समिती करून घेतले तर नियमात बसू लागले! त्याच वर्षी संसदीय स्थायी समितीने परिषदेच्या कारभारावर कडक टीका केली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या परिषदांवर पुन्हा बंधने घालू पाहिली. पण संघटनेचा विरोध झाला आणि तीन आठवड्यांच्या आत ती नियमावली स्थगित झाली.

नेमणूक हा उपाय नव्हे

निवडून आलेल्या समित्या बिघडल्या, म्हणून त्या मोडून नेमलेल्या समित्या आणाव्यात, असा मार्ग सरकारने पत्करला. २०१० मध्ये वैद्यक परिषद बरखास्त झाली, २०१८ मध्ये पुन्हा झाली आणि २०१९ च्या कायद्याने ३३ सदस्यांचा आयोग व त्याखाली चार मंडळे निर्माण झाली. निवडून आलेला सदस्य मतदारांच्या मुठीत असतो हे खरे. परंतु नेमलेला सदस्य नेमणाऱ्याच्या मुठीत असतो, हे तितकेच खरे. शिवाय या बदलात रुग्णाच्या पदरी काय पडले? राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या डॉक्टरला अपिलाचा मार्ग कायद्याच्या ३० व्या कलमाने स्पष्टपणे दिला. तक्रार करणाऱ्या रुग्णाचा मात्र तेथे तसा उल्लेख नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकसेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला, त्या खटल्यात न्यायालयात गेलेली पक्षकार हीच संघटना होती, हेही येथे स्मरणात ठेवावयास हवे.

उपाय अवघड नाहीत. ते गैरसोयीचे आहेत, इतकेच. संघटनेने व तिच्या प्रत्येक शाखेने परिषदांसाठी कोणाकडून किती पैसा घेतला, हे दरवर्षी जाहीर करावे. कोणत्याही समितीवर सलग दोन मुदतींपेक्षा अधिक काळ कोणी राहू नये. संघटनेतील पद आणि नियामक संस्थेतील पद एकाच वेळी एकाच व्यक्तीकडे नसावे. नीतिविषयक समितीवर डॉक्टर नसलेल्या काही व्यक्ती, एखादा निवृत्त न्यायाधीश, एखादा शिक्षक, रुग्णांचा एखादा प्रतिनिधी, असावयास हव्यात. आणि बैठकांच्या वेळा व प्रवासखर्च असे ठरवावेत की तरुण डॉक्टरांना आणि लहान गावच्या डॉक्टरांना येणे शक्य व्हावे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच संघटनेला, दुसऱ्याविरुद्ध दाद मागत असताना स्वतःचे घरही नीट करावे, अशा आशयाचे बोल सुनावले होते. तो सल्ला अपमान न मानता संधी मानणे शहाणपणाचे ठरेल.

हे सर्व डॉक्टरांनाच सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यापैकी किती जण आपल्या पतपेढीच्या वार्षिक सभेला जातात? शिक्षक संघाचा ताळेबंद किती जण वाचतात? गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी भरविण्याची प्रथा आपण सर्वत्र रूढ केली आहे, आणि मग समित्या मूठभरांच्या हाती गेल्याची तक्रारही आपणच करतो. रिकाम्या खुर्च्यांतूनच समित्यांचे राज्य उभे राहते. डॉक्टरांच्या बाबतीत त्या रिकामेपणाची किंमत अखेर रुग्ण भरतो, एवढाच काय तो फरक.