विकत घेतलेली डिस्क आणि घरातील प्रत

अकोल्यातील आमचे जुने घर आवरून अमरावतीला राहावयास येताना सर्वांत जास्त वेळ कशाने घेतला असेल, तर तो डिस्कच्या पेट्यांनी. भावगीते, नाट्यसंगीत, स्तवने, प्रवचने, थोडे शास्त्रीय गायन आणि काही चित्रपट. बहुतेक बिले देऊन, दुकानातून रीतसर घेतलेले. वऱ्हाडातील उन्हाळा या वस्तूंना मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या कपाटात काय होत असेल, ते सांगावयास नको. डिस्कची चकाकणारी बाजू आपण जिवापाड जपतो. पण सीडीचा अ‍ॅल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिकडे ओरखडा गेला, की गाणे गेले. अशा काही डिस्क गेल्याच. म्हणून उरलेल्यांच्या प्रती संगणकाच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवण्याचे काम मी दुपारच्या वेळी सुरू केले.

शेजारचे निवृत्त शिक्षक एके दिवशी चहाला आले. यंत्रात डिस्क फिरताना पाहून त्यांनी सहज विचारले, “हे कायद्यात बसते काय हो?” पस्तीस वर्षे कर्जाची कागदपत्रे तपासलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला, की त्याची झोप जाते. मी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण विकत नेमके काय घेतो, ती. तारण ठेवलेल्या मालावर बँकेचा ताबा असतो, मालकी नसते. हे व्यापारी वाचकांस ठाऊक आहे. डिस्कच्या बाबतीत चकती आपल्या मालकीची होते, परंतु तीवरील ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत करण्याचा अधिकार मूळ मालकाकडेच राहतो. कलम १४ मध्ये हा अधिकार दिलेला असून, कोणत्याही माध्यमात इलेक्ट्रॉनिक अथवा अन्य रीतीने ते साठविणे हेही त्यात अंतर्भूत आहे. म्हणजे मी हार्ड डिस्कवर उतरविलेले गाणे ही कायद्याच्या दृष्टीने प्रतच. ‘मी फक्त जागा बदलली’ हा बचाव चालावयाचा नाही.

मग अपवाद कोठे आहे? कलम ५२ च्या पहिल्याच खंडात. खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधनासह, केलेला ‘उचित व्यवहार’ हा हक्कभंग नव्हे, असे तो खंड सांगतो. मात्र २०१२ पर्यंत ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कला या कृतींपुरतीच होती. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट तीत नव्हते. संगीताचे स्वरलेखन स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवून घेतलेले चालत असे, त्याच गाण्याची ध्वनिफीत उतरविलेली मात्र नाही! आमच्या तरुणपणी अकोल्यातच काय, प्रत्येक गावात कॅसेट भरून देणारी दुकाने होती. आवडीच्या गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट देऊन यावे, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणावी. मीही भरून घेतल्या आहेत. ते बेकायदा आहे, हे आमच्या मनातही आले नाही.

२१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही सवलत ‘कोणत्याही कृती’ला, संगणक प्रणाली वगळून, लागू केली. गंमत अशी, की कलम १४ मधील इलेक्ट्रॉनिक साठवणुकीचे शब्दही याच दुरुस्तीने आले. एकीकडे कुंपण पक्के केले आणि दुसरीकडे घरातील माणसासाठी फाटक ठेवले. ‘उचित’ म्हणजे किती, याची व्याख्या कायद्यात नाही. ते त्या त्या प्रकरणात न्यायालय ठरविते. तरीही मूळ डिस्क स्वतः विकत घेतलेली, प्रत एक, ऐकणारे घरचेच आणि व्यवहारात पैसा नाही, अशा स्थितीत हा खंड आपल्या बाजूने उभा राहतो, असे माझे वाचन आहे. शेजाऱ्यांना मी तसे सांगितले.

संगणक प्रणालीचा हिशेब निराळा. वर्गळले म्हणून तेथे मनाई आहे, असे मात्र नाही. हानी, नाश किंवा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून कायदेशीर धारकाने राखीव प्रत ठेवावी, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे, आणि कायदेशीरपणे मिळविलेल्या स्वतःच्या प्रतीवरून बिगर-व्यापारी वैयक्तिक वापरासाठी प्रत करण्यासही मुभा आहे. बँकेत खातेवह्या यंत्रावर आल्या त्या काळी दिवसाचे काम संपल्यावर फ्लॉपीवर बॅकअप घेतल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. ही कल्पना आम्हांस परकी नव्हती. पण एका दुकानासाठी घेतलेली हिशेबाची प्रणाली भावाच्या दुकानात बसवून देणे, हे यात येत नाही. जाणूनबुजून प्रणालीची बेकायदा प्रत वापरणाऱ्यास कलम ६३ख खाली किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारात लाभासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते. आपल्या समाजात दुकाने पुष्कळ, म्हणून हे लिहिले.

चित्रपटांच्या डीव्हीडीला बहुधा कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास २०१२ च्याच दुरुस्तीतील कलम ६५क खाली दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. येथे हेतू हा शब्द महत्त्वाचा; कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी ही शिक्षा नाही. पण दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता व कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी लागते. अशी नोंदवही ठेवणारे दुकान मी तरी पाहिलेले नाही. मी स्वतः चित्रपटांच्या वाटेस गेलो नाही. एरवीही ते पुन्हा कोण पाहणार होते?

आपल्याकडेच हा प्रश्न अवघड आहे असेही नव्हे. ब्रिटनमध्ये स्वतःच्या डिस्कची स्वतःपुरती प्रत करण्याची मुभा १ ऑक्टोबर २०१४ रोजी मिळाली आणि जुलै २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती रद्द केली. हक्कधारकांना भरपाई दिलेली नाही, हा वादाचा गाभा होता. जर्मनीने १९६५ पासूनच ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून तो हक्कधारकांकडे पोहोचविण्याची व्यवस्था केली. आपल्या कायद्यात असा आकार नाही.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. अकोल्याच्या मेहुण्यांच्या सूनबाईंनी अठाई केली. पारण्याच्या दिवशी प्रभावना म्हणून स्तवनांचा पेनड्राइव्ह द्यावा, अशी त्यांना कल्पना सुचली. “भाऊजी, तुमच्याकडे सगळे उतरवून तयारच आहे. दीडशे करून घेतो. एक पैसाही कोणाकडून घ्यायचा नाही, धर्माचेच काम आहे.” मी नाही म्हटले आणि फोनवर काही क्षण शांतता पसरली. सौभाग्यवतींनीही त्या दिवशी माझ्याशी मोजकेच भाषण केले.

पैसा न घेतल्याने प्रश्न मिटत नाही. मालकाच्या हितास बाधा येईल इतक्या प्रमाणात वाटप केले, तरी कलम ५१ प्रमाणे तो हक्कभंग होतो, मग ते फुकट का असेना. शिवाय दीडशे प्रती म्हणजे घरगुती उपयोग नव्हेच. कायद्यात धार्मिक समारंभासाठी सवलत आहे, हे मेहुण्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते, आणि ते खरेही आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात ध्वनिमुद्रण लोकांना ऐकविणे हक्कभंग ठरत नाही; विवाहाची वरात व त्यासंबंधीचे सामाजिक सोहळेही त्यात धरले आहेत. पण ती सवलत ऐकविण्याची आहे, प्रती करून वाटण्याची नाही. त्या स्तवनांच्या गायिका अशा कार्यक्रमांवर आणि अशा डिस्कवरच संसार चालवितात, हे मेहुण्यांनाही ठाऊक होते. आपले व्रत अदत्त न घेण्याचे आहे, एवढे मी एकदाच म्हटले. अधिक बोलणे मला शोभले नसते.

मार्ग डिस्कच्या वेष्टनावरच होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे व हक्कधारकाचे नाव, पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे कलम ५२क प्रमाणे आवश्यक असते. त्या पत्त्यावर मेहुण्यांच्या नावाने मीच पत्र लिहून दिले. उत्तर पारण्यापूर्वी आले नाही. प्रभावनेत स्टीलचे डबे वाटले गेले आणि मंडपात तीच मूळ डिस्क दिवसभर वाजली. चार दिवसांनी उत्तर आले : अमुक रक्कम भरल्यास दीडशे प्रतींना आनंदाने परवानगी. रक्कम डब्यांच्या खर्चाहून कमी होती, हे मेहुण्यांनी मला दोनदा ऐकविले. पैसे त्यांनी भरले आहेत. पेनड्राइव्ह आता दिवाळीला वाटले जातील.

आता राहिल्या पेट्या. पुण्याची लेक म्हणते, “बाबा, सगळे उतरवून झाले, आता डिस्क देऊन टाका ना कोणाला.” येथेच मी अडलो आहे. डिस्क दुसऱ्याला दिली आणि प्रत माझ्याकडे राहिली, तर एका खरेदीवर दोन घरे ऐकू लागली. मग माझ्या प्रतीला आधार कसला? व्हाउचर फाडून नोंद तेवढी ठेवावी, तसे ते होईल. द्यावयाची तर तिची प्रत आधी पुसावी लागेल. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे १९६० साली प्रकाशित झालेले मुद्रण २०२० च्या अखेरीस मोकळे झाले. पण त्यातील शब्द व चाल यांचा हक्क कवी-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, तेव्हा तीही वाट जवळची नाही.

पेट्या सध्या अमरावतीच्या घरी पलंगाखाली आहेत, उन्हापासून दूर. वर यादी चिकटविली आहे : एकूण २१६ डिस्क, त्यांपैकी १९ वाचल्या न जाणाऱ्या.