आधी रांग बघा, मग फॉरमॅट मारा

"कॉम्प्युटर स्लो झालाय सर, फॉरमॅट मारावा लागेल." आमच्या परभणीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

मंडळी, गोष्ट जुलै २०२३ ची. त्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता (२०२५ मध्ये तो बंदही झाला). अर्जाची मुदत ३१ जुलै. पुढे ती ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ते आधी कुणाला ठाऊक! शेजाऱ्यांसोबत मीही एका केंद्रावर गेलो होतो. सातबारा आणि पीकपेऱ्याच्या घोषणापत्राची प्रिंट काढायची, सही करायची, स्कॅन करून चढवायचं... बाहेर चाळीसेक माणसं.

तेवढ्यात लाईट गेली. दहा मिनिटांनी आली. त्यानंतर प्रिंटर गप्प. पोरगा बिचारा प्रिंटचं बटण दाबतोय, दाबतोय. मग कॉम्प्युटरच रांगायला लागला, वेबसाईट उघडेना. शेवटी तो म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." पालमकडून आलेले एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "मास्तर, उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला की."

माझ्याच घरी महिन्याभरापूर्वी अस्संच घडलं होतं, भाच्याने फोनवरून सांगून सोडवलं होतं. म्हणून म्हटलं, "बाळा, ती खालची प्रिंटरची खूण उघड बरं." उघडली तर तेवीस कामं रांगेत! आणि सर्वात वर, लाईट गेली तेव्हा अर्धवट राहिलेलं.

होतं काय, की आपण प्रिंट म्हटलं की कागदाचा मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. कॉम्प्युटर आधी त्याची फाईल करून डिस्कवर ठेवतो आणि एकेक करून पुढे सरकवतो. हे काम करणाऱ्याचं नाव स्पूलर. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पण लेझर प्रिंटरला वीज फार लागते म्हणून तो साध्या यूपीएसवर जोडत नाहीत. मधेच तो बंद पडला की पहिलं काम लटकतं, मागची सगळी खोळंबतात. त्यात स्कॅन केलेली पानं असली की प्रिंटसाठी फाईल आणखी फुगते. प्रत्येक क्लिकने नवी भर. कॉम्प्युटर हळू होणार नाही तर काय!

उपाय साधा. रांग उघडून सगळी कामं रद्द करायची. पहिलं जातच नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या फाईली (फक्त फाईली, फोल्डर नव्हे) पुसायच्या आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. पाच-सात मिनिटांत केंद्र चालू झालं. बाबा संध्याकाळच्या बसने पावती घेऊन गेले.

आता माझं म्हणणं. वेतनवाढ थांबेल या धास्तीने आम्ही शिक्षकांनी एमएस-सीआयटी केलं. वर्डमध्ये अर्ज लिहायला शिकलो, एक्सेलमध्ये बेरजा शिकलो. अडकलेली प्रिंट कशी सोडवायची, हे कुणी शिकवल्याचं मला तरी आठवत नाही. चालू असताना वापरायला शिकवायचं आणि अडल्यावर "फॉरमॅट मारा" म्हणून सोडून द्यायचं, हे अर्धंच शिक्षण झालं. आणि त्या अर्ध्या शिक्षणाचा भुर्दंड खुर्चीवरच्याला पडत नाही, दाराबाहेर उभ्या असलेल्याला पडतो.

सगळा दोष रांगेचा असतो असं नाही. सर्व्हर खरंच बसतो, जुनी डिस्क खरंच थकते. पण "उद्या या" म्हणण्याआधी एकदा ती रांग उघडून बघायला काय हरकत आहे? आणि प्रिंट आली नाही तर दुसऱ्यांदा बटण दाबू नका, आधी प्रिंटर चालू आहे का ते बघा. वर्गात एखाद्या पोराला प्रश्न कळला नाही, तर तोच प्रश्न तेवीस वेळा विचारून त्याला उत्तर येत नसतं. चाळीस वर्षं शाळेत काढून एवढं तरी मला नक्की कळलंय.

असो. तुमच्याकडे कधी अडलं, तर आधी रांग बघा. मग हवं तर फॉरमॅट मारा.