अंथरूण पाहून रूळ पसरावेत!

छंद म्हटला की जागा आली, आणि वांद्र्यात जागेइतकी महाग वस्तू दुसरी कोणती? एचओ मापाच्या छोट्या रेल्वेची साधी लंबगोल मांडणी करायची, तरी आठ फूट बाय चार फुटांची फळी हवी. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय याच मापाचे; पण तिथे स्वतंत्र दालन आहे. आपल्याकडे फार तर पलंगाखालची जागा! म्हणून कुणी एचओ सोडून एन मापाकडे वळला, की मित्रमंडळी त्याला 'हरला' म्हणतात. हे मला साफ नामंजूर आहे.

हिशेबच पाहा ना. एचओ म्हणजे मूळ गाडीचा ८७ वा भाग, रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर, एन म्हणजे १६० वा भाग, अंतर ९ मिलिमीटर. आपली बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब. एचओत ती पावणेतीन मीटरांच्या वर जाते, एनमध्ये दीड मीटरच्या आसपास राहते. मग एचओत तीन डब्यांवर समाधान मानणाऱ्याने अधिक तडजोड केली, की एनमध्ये अख्खी लोकल फलाटाला लावणाऱ्याने?

शुद्धतावादी म्हणतील, आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर एनमध्ये साडेदहा व्हायला हवेत, रूळ तर नऊचेच! खरे आहे. पण एचओतही १९.३ हवेत आणि मिळतात १६.५. दोष दोन्हीकडे सारखाच. मग दूषण एकट्या एनलाच का?

मात्र वळणाऱ्यालाही दोन शब्द. दुकानात चकचकीत इंजिनाला भुलू नये; आधी रूळ, मग गाडी. जुन्या, वापरलेल्या गाड्या घेणार असाल तर कोड ८० चे उंच रूळ बरे. कोड ५५ चे रूळ दिसायला देखणे, पण त्यांतल्या काहींवर खोल कडांची जुनी चाके खडखडत जातात. रोज मांडून रोज उचलायचे असेल, तर खडीच्या पायासकट जुळणारे तयार रूळ घ्यावेत. गाड्याही शक्यतो एकाच प्रमाणाच्या असाव्यात. ब्रिटिश एन १४८ वा भाग, जपानी बहुधा १५० वा, युरोप-अमेरिकेचे १६० वा. नऊ मिलिमीटरच्या रुळांवर धावतील सगळ्याच. पण शेजारी उभ्या राहिल्या की उंचीतला फरक डोळ्यांत खुपतो.

छंद खोलीच्या मापाने लहान होत नाही. फळी भिंतीला टेकवून ठेवलेली, गाड्या खोक्यात आणि मालक 'मोठे घर होईल तेव्हा' म्हणत बसलेला, यानेच तो मरतो. आज दोन फूट बाय चार फुटांत धावणारी गाडी ही उद्याच्या दालनातल्या गाडीपेक्षा शतपटींनी खरी!