विश्लेषण : कुत्र्याचे पोट वारंवार बिघडते... हळद, प्रोबायोटिक की स्टेरॉइड?

दोन दिवस दही-भात, मग एक गोळी, चार दिवस बरे आणि पुन्हा जुलाब. कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांत हे चक्र महिनोन्‌महिने चालते. कोणी हळद सुचवते, कोणी अ‍ॅक्युपंक्चर. यातूनच ‘इंटिग्रेटिव्ह’ म्हणजे एकात्मिक उपचारांकडे ओढा वाढतो. नेहमीच्या औषधोपचारांना आहार, पूरके आणि पारंपरिक पद्धतींची जोड, असे त्यांचे स्वरूप. त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण निदानानंतर, निदानाऐवजी नव्हे.

आजार जुनाट कधी?

उलट्या, जुलाब, मंदावलेली भूक किंवा घटणारे वजन हा त्रास तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो जुनाट मानतात. आधी इतर कारणे वगळावी लागतात. जंत, जिआर्डिया, स्वादुपिंडातील पाचकरसांची कमतरता आणि अ‍ॅडिसन्स हा संप्रेरकांचा आजारही असाच दिसतो. त्यासाठी विष्ठेची व रक्ताची तपासणी हवी. रक्तातील अल्ब्युमिन घसरले असेल, तर आतड्यांतून प्रथिने गळत असू शकतात. अशा कुत्र्याच्या पोटात पाणी साठू शकते. त्याच्यासाठी घरगुती प्रयोगांत गेलेला महिना जिवावर बेतू शकतो.

पहिले औषध कोणते?

अन्न. अशा आजारी कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना केवळ आहार बदलून आराम पडतो. त्यांना पूर्वी कधीच न खाल्लेले प्रथिन किंवा ‘हायड्रोलाइज्ड’ आहार दिला जातो. त्यातील प्रथिनांचे तुकडे इतके बारीक केलेले असतात, की शरीराची प्रतिकारयंत्रणा सहसा त्यांच्यावर तुटून पडत नाही. फरक साधारण दोन आठवड्यांत दिसू लागतो. अट एकच, मधे दुसरे काहीही नको. आजीने प्रेमाने दिलेला पोळीचा तुकडा किंवा एक बिस्किटही चाचणी फसवू शकते.

पूरक उपचार कुठे बसतात?

प्रोबायोटिकबाबत थोडा आधार आहे. २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आतड्यांचा दाह असलेली २० कुत्री होती. एका गटाला प्रेडनिसोन व मेट्रोनिडाझोल, तर दुसऱ्याला अनेक जिवाणूंचे प्रोबायोटिक दिले. लक्षणे दोन्ही गटांत कमी झाली. प्रोबायोटिकला वेळ अधिक लागला. अभ्यास लहान आहे, पण दिशा महत्त्वाची. मेट्रोनिडाझोलने जुलाब थांबले, तरी आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंची घडी विस्कटते. म्हणून प्रत्येक वेळी तीच गोळी देणे योग्य नाही. बी-१२ कमी असल्यास ते इंजेक्शन किंवा गोळीने भरून काढतात. हळद आणि अ‍ॅक्युपंक्चर यांच्यासाठी मात्र या आजारात भक्कम पुरावा नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित?

नाही. ज्येष्ठमध स्टेरॉइडसोबत दिल्यास त्याचा परिणाम वाढू शकतो, पोटॅशियम घसरू शकते. कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या लाल रक्तपेशींना घातक आहेत. कच्च्या मांसातून साल्मोनेला पसरू शकतो, कुत्र्याला आणि घरातल्या माणसांनाही. काढा सुरू केला म्हणून दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड अचानक बंद करणे तर अधिकच धोक्याचे.

काय करावे?

रोजचे खाणे, विष्ठेचे स्वरूप आणि आठवड्याचे वजन मोबाइलमध्ये नोंदवा. सुरू असलेला प्रत्येक काढा, पावडर, गोळी डॉक्टरांना सांगा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाचा हे कळत नाही. उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्यक आहे का, हेही विचारा. त्यासाठी १९८४ पासून देशात कायदा आहे. पशुवैद्यकांनीही ‘हे सगळे थोतांड’ म्हणून पालकांना गप्प करू नये. तसे झाले, की पालक काढा थांबवत नाहीत, फक्त सांगायचे थांबवतात. आणि कुठे दुखते हे कुत्र्याला सांगता येत नाही.