‘झिंगाट’ आणि नंतरचे मौन

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आला. अजय-अतुल यांची गाणी त्याआधीच घरोघर पोचली होती. प्रेक्षक गाण्यांच्या ओढीने गेला, ‘झिंगाट’ला खुर्ची सोडून नाचला. शेवटी मात्र नागराज मंजुळे यांनी संगीतच काढून घेतले. आईबापांच्या रक्तात पाय माखलेले मूल चालत जाते, आणि तोच प्रेक्षक मुकाट्याने बाहेर पडला.

त्या मौनातून काही उगवेल, असे आम्हांला वाटले होते. भाबडेपणाच तो! जळगाव-धुळ्याच्या वरातींना गाणे हवे होते, ते त्यांनी घेतले. मौन चित्रपटगृहातच राहिले. एप्रिल २०२५ मध्ये चोपड्यास, हळदीच्याच समारंभात, मर्जीविरुद्ध प्रेमविवाह केलेली मुलगी गोळीला बळी पडली, नवरा जखमी झाला. आरोपी मुलीचा बाप.

अशा चित्रपटांनी मुले बिघडतात, ही ओरड तेव्हा झालीच होती. बापांचे काय होते, हे कोणी विचारले नाही.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. घरच्यांना सुगावा लागण्यास तेवढे दिवस पुष्कळ झाले. लग्नाला साक्षीदार तीन लागतात. खानदेशातील आपल्या किती शाखांतून ते तीन साथी मिळतील?