मुलांच्या हातातला डबा आणि त्यातल्या पैशाचा हिशेब

लहान मुलाच्या हातात मदतनिधीचा डबा दिला की तो लवकर भरतो, कारण मुलाला नाही म्हणणे मोठ्या माणसाला जड जाते. पण हा पैसा कोणासाठी, त्यातून काय होणार आणि शेवटी किती जमले, हे त्या मुलाला कोण सांगते? सांगायची तयारी नसेल तर मुलाच्या हातात डबा देऊच नये, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या मुलांना पैसे गोळा करणे नवे नाही. गणपतीच्या आणि शारदेच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन ती दारोदार फिरतात. आमच्या घरांत रमजान ईदच्या नमाजाआधी फित्रा काढतात तो माणशी, पाळण्यातल्या बाळाच्या नावाचाही. टीबी असोसिएशन ऑफ इंडियाची क्षयरोग सीलची मोहीम तर १९५० पासून चालू आहे. दरवर्षी २ ऑक्टोबरला ती सुरू होते आणि शाळांतून ही छोटी तिकिटे विकली जातात. म्हणजे देण्याची सवय आहे. देताना विचारण्याची सवय मात्र आपण लावलेली नाही.

उलट कधी कधी भलतेच शिकवतो. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत एका आजारासाठी कूपने वाटली आणि सर्वांत जास्त पैसे आणणाऱ्याला बक्षीस ठेवले. दुकानदारांच्या मुलांची पुस्तके दोन दिवसांत संपली. ज्यांचे आईबाप रोवणीला मजुरीने जातात ती मुले कोरे पुस्तक घेऊन मान खाली घालून आली. दानातही पैसेवाल्याचा नंबर पहिला, एवढेच त्या वर्गाने शिकले.

आपल्या भंडारा जिल्ह्यात आणि एकूणच पूर्व विदर्भात हा विषय शिकवायला दूरचे उदाहरण लागत नाही. सिकलसेल आपल्या गावांत आहे. धान कापायचा विळा इथल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हातपाय, छाती, पोट असह्य दुखते, हे तिसरीच्या मुलालाही समजते. तो शिवल्याने होत नाही, आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एवढे सांगितले तरी वारंवार गैरहजर राहणाऱ्या सोबत्याला कामचुकार म्हणणे थांबेल.

यानंतर संशोधन म्हणजे काय ते सांगावे. सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल देतात. ती मुळात कॅन्सरसाठी वापरली जात होती. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांनी एका अभ्यासात भाग घेतला. काहींना हे औषध दिले, काहींना औषध नसलेली तशीच कॅप्सूल. १९९५ मध्ये निष्कर्ष आला की औषधाने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्याने कमी होतात. त्या अभ्यासाला लागलेल्या पैशातून इमारत उभी राहिली नाही. एका प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि ते उत्तर आज आपल्या तालुक्यातल्या रुग्णाच्याही कामी येते.

मुलांच्या नाण्यांतूनही अशी उत्तरे मिळाली आहेत. १९३८ मध्ये अमेरिकेत पोलिओसाठी 'मार्च ऑफ डाइम्स' ही मोहीम सुरू झाली. डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे. पहिल्याच हाकेला २६ लाखांहून जास्त नाणी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी टपालाने आली. याच संस्थेच्या पैशावर जोनास साल्क यांची लस तयार झाली आणि १९५५ मध्ये ती गुणकारी ठरल्याचे जाहीर झाले. पण मधे सतरा वर्षे गेली, हेही मुलांना सांगायला हवे. आज दिले आणि उद्या औषध आले असे होत नाही. कधी प्रयोग फसतो, तरीही तो पैसा वाया गेला असे म्हणता येत नाही.

याच मोहिमेने पुढे कुबड्या घेतलेल्या मुलांचे फोटो पोस्टरवर छापले. पैसा आला, पण ते आपण उचलू नये. वर्गातल्या आजारी मुलाला मंचावर उभे करून जमवलेला निधी त्या मुलाला फार महागात पडतो. उजव्या हाताने दिलेले डाव्यालाही कळू नये इतके लपवून देण्याची शिकवण आमच्याकडे आहे, गुप्तदान हा शब्द शेजारच्या घरातही आहे. घेणाऱ्याची लाज राखणे हा दोन्हींचा अर्थ आहे.

काही जण विचारतील, आपल्या धर्मात दान गरिबाला द्यायचे, प्रयोगशाळेला कशाला? जकातीचे आठ हक्कदार ठरलेले आहेत आणि त्याचा निवाडा उलेमांनी करावा. पण सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारे दान, आणि लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान, या दोन्ही गोष्टींना आपण मोठे पुण्य मानतो. एका आजारावरचे उत्तर शोधणे यात बसत नसेल तर मग काय बसेल?

गरिबांच्या आजाराला तर हा पैसा जास्तच लागतो. सिकलसेलवरच्या एका जनुकीय उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत रुग्णामागे सुमारे २२ लाख डॉलर आहे. आपल्या लोकांना परवडेल असे औषध आपल्याच देशातल्या संशोधनातून येण्याची आशा जास्त आहे. तो खर्च बहुतांश सरकारी, म्हणजे करातून होणारा. बिस्किटाच्या पुड्यावर मूलही कर भरते. त्याला हे कळले की तो प्रश्न विचारायला मोकळा होतो.

जागतिक सिकलसेल दिवस १९ जूनला असतो आणि तेव्हा विदर्भातल्या शाळांना सुट्या असतात. म्हणून जुलैचा पहिला आठवडा धरावा. १ जुलै २०२३ लाच राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. वर्गात दोन डबे ठेवावेत. एक आजच्या मदतीचा, म्हणजे रुग्णाच्या बसभाड्याचा, तर दुसरा संशोधनाचा. कोणी किती टाकले ते कोणी पाहू नये, बक्षीस ठेवू नये. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने घरच्यांना रक्ततपासणीला पाठवावे, तेही देणेच आहे.

आठवड्याअखेर मुलांनीच पैसे मोजावेत आणि फळ्यावर लिहावे: किती जमले, कुठे पाठवले, पावती आली का. पावती आली नसेल तर 'आली नाही' असेच लिहावे आणि येईपर्यंत ती ओळ पुसू नये.